विक्री वाढली, पण हातात किती उरलं? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न घेतले आहेत. व्यवसाय वेगवेगळे असले तरी अडचण बहुतेकांची एकच दिसते : गिऱ्हाईक खरेदीची जागा बदलतंय, त्याच्यामागे जावं की नाही हे ठरवायचंय, पण त्या वाटेवर एका नगामागे किती पैसे सुटतील याचा हिशेब मांडलेला नाही. उत्तरांत ‘समजा’ म्हणून घेतलेले आकडे पद्धत कळावी म्हणून आहेत. त्या जागी आपले आकडे घालावेत.

प्रश्न : आम्ही तिघी जावा सातारा जिल्ह्यात कांदा-लसूण मसाला करतो. २०० ग्रॅमची पुडी १३० रुपयांना घरूनच विकली जाते. पुडीमागे ३०-३५ रुपये सुटतात. पुण्यातला एक वितरक आमचा माल दुकानांत लावायला तयार आहे. त्याला ८ टक्के, दुकानदाराला २० टक्के आणि महिनाभराची उधारी हवी आहे. द्यावा का?

ताई, आजच्या किमतीला देऊ नका. समजा, एका पुडीला कच्चा माल ६४ रुपये, भाजणं-दळणं ८, मजुरी १४, पाकीट आणि लेबल ६, वाहतूक व किरकोळ ४, असा ९६ रुपये खर्च येतो. घरून विकली की १३० मधून ३४ सुटतात. दुकानात तीच पुडी ठेवली की दुकानदाराचे २० टक्के म्हणजे २६ रुपये गेले, उरले १०४. त्यातून वितरकाचे ८ टक्के, सुमारे ८ रुपये ३० पैसे गेले. तुमच्या हाती ९५ रुपये ७० पैसे आले, म्हणजे खर्चही पुरता निघाला नाही. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या पुढे गेली किंवा परराज्यात माल पाठवला, तर जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. मग १३० रुपयांतले सुमारे ६ रुपये २० पैसे कराचेच असतात.

म्हणून हिशेब उलट्या बाजूने करा. खर्च ९६, तुम्हाला हवेत १५, म्हणजे १११ हातात यायला पाहिजेत. त्यावर कर, वितरक, दुकानदार आणि फाटक्या-परत आलेल्या मालासाठी ३ टक्के चढवले की छापील किंमत १६५ च्या आसपास जाते. शेजारी मोठ्या कंपनीची पुडी कमी किमतीत असताना तुमची १६५ रुपयांना उचलली जाईल का, हा खरा प्रश्न. तो वितरकाला विचारू नका. पुण्यातल्या दहा-बारा दुकानांत स्वतः माल ठेवून दोन महिने पाहा. पहिल्यांदा ठेवलेला माल संपणं ही परीक्षा नाही, कारण नवी वस्तू कुतूहलानेही घेतली जाते. दुकानदार आपणहून दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा मागवतो का, ते लिहून ठेवा.

खर्च मांडताना दोन ठिकाणी हमखास चूक होते. पहिली, मिरचीचा भाव खरेदीचा धरला जातो. २५० रुपये किलोने १० किलो मिरची घेतली, देठ काढून, वाळवून, कुटून साडेआठ किलो तिखट हाती आलं, तर ते २९४ रुपये किलोने पडलं. कांदा वाळवून आणि तळून तर याहून कितीतरी जास्त आटतो. दुसरी, घरच्या माणसांची मजुरी शून्य धरली जाते. तुम्ही तिघी आज फुकट राबता, उद्या चौथी बाई पगारावर ठेवली की हिशेब कोसळतो. तिघींची मजुरी आजपासूनच लिहा, उचलली नाहीत तरी.

उधारीचं ओझंही मोजा. महिन्याला हजार पुड्या गेल्या आणि पैसे दीड महिन्याने आले, तर दीड हजार पुड्यांचे १ लाख ४४ हजार रुपये कायमचे बाहेर अडकले. हीच रक्कम तुम्हाला फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, मिरची बाजारात भरपूर असताना, वर्षाची खरेदी करायला हवी असते. बाजार बदलला तो नेमका इथे. पूर्वी घरोघरी उन्हाळ्यात वर्षाचा मसाला कुटून बरणीत भरला जायचा. आता शहरातलं चार माणसांचं घर महिन्याला २०० ग्रॅमची पुडी नेतं. तुमची विक्री बारा महिन्यांत पसरली, खरेदी मात्र अजून तीनच महिन्यांत होते. त्यामुळे पैसा आणि शीतगृहातली जागा या दोन गोष्टी आता तुमच्या मालाइतक्याच महत्त्वाच्या झाल्या आहेत. मिरची शीतगृहात ठेवली तर रंग टिकतो, बाहेर पावसाळ्यात ओल धरते आणि बुरशी येते. रंगाला ब्याडगी आणि तिखटपणाला संकेश्वरी किंवा लवंगी, यांचं प्रमाण एकदा वजनाने ठरवून लिहून ठेवा. अंदाजाने घातलं तर एका महिन्याची पुडी दुसऱ्या महिन्यासारखी लागत नाही. घरून नेणारा ते सांभाळून घेतो, दुकानातून नेणारा कंपनी बदलतो.

पारदर्शक पाकीट सोडा. या मसाल्यात तेल आणि खोबरं असतं. प्रकाश आणि हवा लागली की ते खवट होतं. आतून चंदेरी थर असलेलं पाकीट थोडं महाग पडतं, पण दुकानाच्या फळीवर चार महिने राहणाऱ्या मालाला ते लागतंच. ‘सहा महिने टिकतो’ हे प्रयोगशाळेत तपासून मगच छापा.

दुकानात माल द्यायचा ठरलाच, तर घरची आणि दुकानाची पुडी वेगळ्या वजनाची करा. घरून २०० ग्रॅम १३० ला आणि दुकानात तीच १६५ ला, हे गिऱ्हाईक पहिल्याच आठवड्यात दुकानदाराला ऐकवतं आणि तो माल काढून टाकतो. दुकानात १०० ग्रॅम आणि घरून फक्त अर्धा किलो ठेवलं, तर मोठं पाकीट किलोमागे स्वस्त असणं सगळ्यांना पटतं. वेष्टनावर निव्वळ वजन, सर्व करांसहित कमाल किंमत, एका ग्रॅमची किंमत, तयार केल्याचा महिना-वर्ष, नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क आणि एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक हवाच. नाव नोंदवायचं असेल तर ट्रेडमार्कसाठी मसाले वर्ग ३० मध्ये येतात, लोणची वर्ग २९ मध्ये. ‘सातारी’, ‘घरगुती’, ‘अस्सल’ असे नुसते वर्णनाचे किंवा गावाचे शब्द नाव म्हणून सहसा मंजूर होत नाहीत. वेगळं नाव शोधा, तेही पाकिटं छापण्याआधी.

प्रश्न : पिंपरी-चिंचवडमध्ये वडिलांपासूनचं किराणा दुकान आहे. दहा मिनिटांत सामान पोचवणाऱ्या ॲपमुळे गल्ला घटला. आम्हीही एमआरपीवर सूट द्यावी का? की घरपोच सेवा सुरू करावी?

दादा, सरसकट सूट तर मुळीच नको. ज्या वस्तूवर १० टक्के सुटतात तिच्यावर २ टक्के सूट दिली, तर पूर्वीइतकेच पैसे मिळवायला २५ टक्के जास्त माल विकावा लागतो. ॲपवाल्या कंपन्यांमागे गुंतवणूकदारांचा पैसा आहे. त्या लढाईत तुमच्या हातातलं भांडवलच आटेल.

आधी गल्ला नेमका कशात घटला ते काढा. गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या एकाच महिन्याची, शक्यतो सण नसलेल्या महिन्याची, घाऊक खरेदीची बिलं काढून वस्तूंचे नग मोजा. विक्रीची नोंद नसली तरी खरेदीची बिलं असतातच. महिन्याची मोठी यादी साधारणपणे डी-मार्टसारख्या दुकानाकडे गेलेली असते. ॲपने नेलेलं असतं ते रात्रीचं, पावसातलं, पाहुणे दारात असतानाचं : शीतपेयं, चिप्स, आइस्क्रीम, मॅगी, डायपर. सुट्या मालाचे, पिठाचे, पूजेच्या साहित्याचे आकडे बऱ्याचदा तितके हललेले नसतात. तुमच्या बिलांत वेगळं दिसलं तर बिलांवर विश्वास ठेवा, आमच्यावर नको.

मग फळीवरच्या प्रत्येक वस्तूला दोन आकडे लावा : टक्केवारी आणि वर्षात किती वेळा माल फिरतो. १० टक्के देणारी वस्तू वर्षात २४ वेळा फिरली, तर तिच्यात गुंतवलेले १०० रुपये वर्षाला सुमारे २६७ रुपये नफा देतात. २५ टक्के देणारी पण वर्षात तीनदाच फिरणारी वस्तू १०० रुपयांवर १०० च देते. अनेक दुकानदार दूध-पाव-अंड्यांना ‘यात काही सुटत नाही’ म्हणून कंटाळतात आणि जास्त टक्केवारीच्या मोहाने न खपणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांनी फळ्या भरतात. तसं करू नका. दूध-पावासाठी रोज येणारं माणूसच बाकीचं नेतं.

तुमचं बळ सुट्या मालात आहे, असं आमचं ठाम मत आहे. ॲपच्या गोदामात ठराविक पाकिटंच ठेवता येतात. तुमच्याकडे गहू लोकवन, सिहोर की खपली, तांदूळ इंद्रायणी की आंबेमोहोर, नवा की जुना, हे दाखवून आणि हातात देऊन विकता येतं. थालीपिठाची भाजणी, उपासाची भाजणी, मेतकूट, ताजं दळलेलं पीठ, जवळच्या बचत गटाच्या कुरडया-सांडगे. यात टक्केवारी जास्त आहे आणि किंमत शेजारच्या पाकिटाशी ताडून पाहता येत नाही. धोका किडीचा आणि ओलीचा. पावसाळ्यात डाळी-रवा पंधरा दिवसांपुरताच भरा, नवा माल जुन्यावर ओतू नका. श्रावण, गणपती, नवरात्र, संक्रांत यांची खरेदी-यादी गेल्या वर्षीच्या बिलांवरून करा आणि सणाच्या तीन आठवडे आधी माल आणा. सणानंतर उरलेला कापूर आणि वाती पुढच्या वर्षी चालतात, रवा-मैदा चालत नाही.

घरपोच सेवा जरूर द्या, पण हिशेबाने. मुलाला महिना १२ हजार पगार, २६ दिवस, रोज २५ ऑर्डरी धरल्या तर एका ऑर्डरला साडेअठरा रुपये खर्च येतो, पेट्रोल वेगळं. सरासरी १२ टक्के सुटत असतील तर १५४ रुपयांच्या ऑर्डरीत तो खर्च जेमतेम निघतो. म्हणून किमान ३०० रुपयांची अट ठेवा आणि वेळा बांधा : सकाळी साडेनऊ, दुपारी बारा, संध्याकाळी सात. एका फेरीत जवळजवळच्या आठ-नऊ ऑर्डरी गेल्या तरच २५ चा आकडा गाठता येतो. ‘कधीही फोन करा’ म्हटलंत की मुलगा दिवसभर दोन-दोन लिंबं पोचवत फिरेल.

व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांचीच होते आणि ज्यांनी तुमचा नंबर साठवला आहे त्यांनाच संदेश पोचतो. त्यामुळे बिल देताना नंबर साठवून घ्यायला सांगा. रोज सुप्रभात पाठवू नका, लोक बंद करतात. आठवड्यातून एकदा, ‘नवा इंद्रायणी आला, इतक्या रुपयांना’ एवढं पुरे.

आणि गल्ल्याजवळ एक वही ठेवा. जे मागितलं आणि तुमच्याकडे नव्हतं ते त्यात लिहा. महिनाभरात जे नाव पाच वेळा येईल ते आणा. ‘उद्या येईल’ हे उत्तर दुसऱ्यांदा ऐकलेलं गिऱ्हाईक ॲप उघडतं.

प्रश्न : अहिल्यानगरला फरसाणाचा कारखाना आहे. १० रुपयांच्या पुडीत ३० ग्रॅम द्यायचो. सप्टेंबर २०२५ मध्ये कर कमी झाल्यावर ३२ ग्रॅम केले. आता तेल किलोमागे २० रुपयांनी महागलं. पुडी २८ ग्रॅमवर आणावी असं भागीदाराचं म्हणणं आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून नमकीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, तेव्हा १० रुपयांतला कर १ रुपया ७ पैशांवरून ४८ पैशांवर आला. फरक साधारण पावणेसात टक्क्यांचा, म्हणजे ३० चे ३२ ग्रॅम. तुम्ही तो गिऱ्हाइकाला पूर्ण दिलात, हे योग्यच झालं.

आता २८ चा हिशेब लागत नाही. समजा, फरसाणात १०० ग्रॅममागे ३५ ग्रॅम तेल आहे. मग ३२ ग्रॅमच्या पुडीत सव्वाअकरा ग्रॅम तेल झालं आणि महागाईचा बोजा पुडीमागे फक्त साडेबावीस पैसे. फरसाण तुम्हाला १८० रुपये किलोने पडत असेल, तर एक ग्रॅम कमी केला की १८ पैसे वाचतात. म्हणजे सव्वा ग्रॅमने भागतं. ३१ करा आणि थांबा. चार ग्रॅम कापून ७२ पैसे वाचवले, तर त्यातले ५० पैसे तेलाच्या नावाखाली घेतलेले असतात. दुकानात माळेला शेजारी लटकलेली दुसऱ्याची पुडी हाताला जड लागली की हे उघडं पडतं.

उरलेले पैसे कढईत शोधा. तेल पुरेसं तापलेलं नसताना घाणा टाकला किंवा एका वेळी जास्त माल सोडला, की तेल जास्त पितं. १७० ते १८० अंशांवर तळून, गरम असतानाच नीट निथळून १०० ग्रॅममागे ३५ चं ३२ ग्रॅम तेल झालं, तर १५० रुपये किलोच्या तेलात किलोमागे साडेचार रुपये वाचतात. पुडीमागे १४ पैसे झाले. मात्र तेच तेल पुन्हा पुन्हा वापरून बचत करू नका. तेलातील ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापल्याने वाढणारे खराब घटक) २५ टक्क्यांपुढे गेली की ते वापरायला कायद्यानेच मनाई आहे आणि चवही आधीच बिघडलेली असते.

अर्ध्या किलोच्या पाकिटावर मात्र किंमत वाढवा, वजन तसंच ठेवा. त्यावर बोजा साडेतीन रुपयांचा आहे, १५० चे १५५ केले तर कुणी अडत नाही. १० रुपयांची पुडी नाण्या-नोटेच्या हिशेबाने घेतली जाते. यूपीआयने ही अडचण शहरात सैल केली आहे, पण शाळेजवळच्या टपरीवर अजून नाही. वजन बदलल्यावर जुनी छापील पाकिटं संपेपर्यंत वापरू, असं करू नका. छापलेल्यापेक्षा कमी वजन भरणं हा वैधमापन कायद्याखाली गुन्हा आहे.

प्रश्न : देवगडला हापूसची बाग आहे. यंदापासून दलालाकडे न पाठवता पुण्यात थेट पेट्या विकायच्या आहेत. काय सांभाळावं?

सगळं पीक थेट विकायचा हट्ट नको. २५० ग्रॅमच्या वरचं, डाग नसलेलं फळ थेट, मधलं बाजार समितीत, बारीक आणि डागी रसासाठी, अशी वाटणी काढणीच्या दिवशीच करा. थेट विक्रीत वरचं फळ चांगलं आणि खालच्या थरात बारीक, असं एकदा झालं की ती सोसायटी कायमची गेली.

फळ चौदा आणे (सोळापैकी चौदा भाग) तयार झाल्यावरच काढा, दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या नूतन झेल्याने (फळ देठासह काढायच्या अवजाराने), तीन-चार सेंटीमीटर देठ ठेवून. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि काळे डाग पडतात. आढीत पिकवणं उत्तम. कॅल्शियम कार्बाइडला बंदी आहे, इथिलीन वायू ठरलेल्या मर्यादेत चालतो.

साक्याची, म्हणजे आतला गर पांढरट आणि स्पंजासारखा झाल्याची, तक्रार येणारच. तो बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो. म्हणून वाद न घालता फोटो पाहून फळ बदलून द्या आणि त्याची तरतूद किमतीत आधीच धरा. पाच डझनांची पेटी ३,००० ला असेल तर फळ ५० रुपयांचं झालं. पेटीमागे तीन फळं म्हणजे १५० रुपये बाजूला. हंगामाचे दर तीन टप्प्यांत, मार्च, एप्रिल आणि मे असे, सुरुवातीलाच जाहीर करा. मार्चमध्ये घेतलेल्याला मेमधला भाव पाहून फसवल्यासारखं वाटत नाही.

एक-एक पेटी कुरिअरने पाठवण्यापेक्षा एका सोसायटीतून किमान २० पेट्यांची आगाऊ मागणी जमली तरच टेम्पो वळवा. भाडं ९,००० आणि पेट्या १५० असतील तर पेटीमागे ६० रुपये पडतात, ७० पेट्यांवर तेच १२९ होतात. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून आपलं नाव नोंदवा आणि पेटीवर तसं छापा. कर्नाटकातला आंबा हापूस म्हणून विकला जात असताना शहरातल्या गिऱ्हाइकाला दाखवायला तुमच्याजवळ हाच कागद आहे.

प्रश्न : आमचा लोणची-पापडांचा लघुउद्योग आहे. एका दुकानसाखळीला माल देतो. ९० दिवस झाले तरी पैसे येत नाहीत, शिवाय ‘मुदत संपलेला माल’ म्हणून रक्कम कापतात. माल थांबवावा का?

उद्यम नोंदणी (केंद्र सरकारकडची लघुउद्योगांची नोंदणी) आहे का, ते आधी पाहा. ती विनाशुल्क होते. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणं खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. म्हणून प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा आणि फेब्रुवारीतच त्यांच्या लेखा विभागाला थकबाकीचा तक्ता पाठवा. ३१ मार्चआधी त्यांनाही ती चुकती करायची घाई असते. हा लाभ उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे, नुसत्या खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला नाही.

माल एकदम थांबवू नका, पण आधीचं बिल चुकतं झाल्याशिवाय तिसरं बिल फाडायचं नाही, हा नियम आजपासून लावा. त्यांच्याकडची विक्री तुमच्या एकूण विक्रीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त असेल तर हा नियम पाळणं जड जाईल, म्हणून आधी दुसरी गिऱ्हाइकं वाढवा. सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे दावा लावता येतो, पण त्यानंतर त्या साखळीशी धंदा बहुधा राहत नाही, हे धरूनच जा.

कपातीचा प्रश्न करारात सोडवावा लागेल. चार गोष्टी लेखी घ्या : माल त्यांच्या गोदामात पोचताना किती मुदत शिल्लक हवी, मुदत संपण्याआधी किती दिवस तुम्हाला कळवायचं, परत येणारा माल प्रत्यक्ष दाखवायचा की नुसती डेबिट नोट (रक्कम कापल्याची चिठ्ठी) चालेल, आणि परतीची कमाल टक्केवारी. कळवण्याची मुदत ४५ दिवसांची मिळाली, तर त्या दुकानातला पडून राहिलेला माल उचलून जिथे खप आहे तिथे हलवता येतो. प्रत्येक खेपेचा बॅच क्रमांक चलनावर लिहा. तो नसेल तर परत आलेली बरणी तुमच्या कोणत्या खेपेतली, हे सिद्ध करता येत नाही आणि कापलेले पैसे मागायला आधारच राहत नाही.